सुरुवातीची दोन मिनिटं: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमच्या लघुपटाची सुरुवात अशी आहे: रात्री स्वयंपाकघरात गॅस गळतोय आणि बाहेर टीव्ही बघणाऱ्या घरच्यांना त्याचा पत्ताच नाही. पहिल्या फ्रेमपासून गूढ संगीत लावलंय, कॅमेराही सतत हलता ठेवलाय, तरी बघणाऱ्यांना धाकधूक वाटत नाही. काय चुकतंय?
(एक वाचक, सांगली)

उत्तर: भीती कशाची, हे प्रेक्षकाला कळण्याआधीच संगीत त्याला घाबरवू बघतंय. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ एव्हिल’ (1958) या चित्रपटाची सुरुवात बघा. दोन हात टाइमबॉम्बची वेळ लावतात, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो, एक जोडपं गाडीत बसतं. पुढे तीनेक मिनिटं कट नाही. क्रेनवरचा कॅमेरा छपरांवरून रस्त्यावर उतरतो, गाडी चौकटीबाहेर जाते, पायी निघालेल्या नायक-नायिकेजवळ पुन्हा येते. कट नसल्यामुळे घड्याळातला प्रत्येक सेकंद प्रेक्षकालाही काढावा लागतो.

स्टुडिओने या शॉटवर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचं संगीत घातलं होतं. वेल्सच्या 58 पानी टिपणाच्या आधारे संकलक वॉल्टर मर्चने 1998 मध्ये फेरसंकलन केलं, तेव्हा हे दोन्ही काढलं. त्या जागी आलं क्लबांमधून रस्त्यावर ऐकू येणारं संगीत आणि गाडीतला रेडिओ. आता गाडी दिसत नसतानाही रेडिओचा आवाज जवळ आला की पोटात गोळा येतो. आमच्या मते हीच आवृत्ती सरस आहे.

तुमच्याकडे रेडिओचं काम गॅसची फसफस करेल. आधी रेग्युलेटरचा स्थिर क्लोजअप, चार सेकंद, फसफस स्पष्ट. मग हॉल. तिथे फसफस संवादापेक्षा 15 ते 20 डेसिबल खाली, पंखा, फ्रिज आणि टीव्हीखाली जवळजवळ बुडालेली. आणि मग वीज घालवा. टीव्ही आणि फ्रिजचा आवाज तिथेच तोडा. पंखा मात्र हळूहळू थांबतो, त्याला पंधरा-वीस सेकंद द्या. फसफस वाढवू नका, बाकीचे आवाज गेले की ती आपोआप वर येते. कुणीतरी म्हणतं, “काडेपेटी कुठंय गं?” कॅमेरा इथेच, एकदाच हलवा: 60 सेंटिमीटरचा स्लायडर (कॅमेरा सरकवण्याची पट्टी), वीस सेकंदांत, चाचपडणाऱ्या हाताकडे. फोकस आणि एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा) लॉक हवेत. अंधारात ऑटोफोकस मागेपुढे होतो आणि शॉट वाया जातो.

एलपीजीला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, त्यामुळे ‘वास कसा येत नाही?’ हा प्रश्न येणारच. सर्दीने चोंदलेलं नाक आधीच एका वाक्यात दाखवून ठेवा. चित्रीकरणात भरलेला सिलिंडर नको. फसफस सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडून मिळते.

प्रश्न: खोल, घुमणारा आवाज हेडफोनवर छान वाटतो, मोबाइलवर गायब होतो. आणि शांततेच्या जागी खरखर येते.
(एक वाचक, पणजी)

उत्तर: मोबाइलचे छोटे स्पीकर साधारण 200 हर्ट्झखालचं फारसं वाजवत नाहीत. त्या ट्रॅकची प्रत काढून तिच्यावर थोडं सॅच्युरेशन (आवाजात वरचे स्वर मिसळणारा इफेक्ट) लावा. 300 ते 600 हर्ट्झमध्ये तयार होणारे वरचे स्वर फोनवर पोहोचतात. खरखर बहुधा रेकॉर्डरच्या ऑटो गेनमुळे, म्हणजे रेकॉर्डिंगची पातळी आपोआप ठरवणाऱ्या सोयीमुळे येते. कुणी बोलत नसलं की तो पातळी वर ओढतो आणि मागचा गोंगाट फुगतो. गेन हाताने लावा, संवादाची शिखरं उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा. प्रत्येक खोलीत सगळ्यांना गप्प उभं करून एक मिनिट रूम टोन (रिकाम्या खोलीचा स्वतःचा हलका आवाज) घ्या आणि शांततेखाली तोच ठेवा. ट्रॅक पूर्ण रिकामा सोडला तर आवाज बंद पडला असं वाटून लोक फोनचं बटण दाबायला लागतात.