अँटलरमध्ये स्ट्रिंगमधले एस्केप कुठे सोडवायचे?

रत्नागिरीच्या मिरकरवाडा जेटीवरच्या लिलावनोंदींसाठी तुम्ही अँटलर ४ मध्ये (व्याकरण दिलं की त्या भाषेचा मजकूर वाचणारा कोड तयार करून देणारं साधन) छोटी भाषा केलीय. त्यात "सुरमई \"मोठी\"" ही स्ट्रिंग मधल्याच अवतरणाला तुटते आणि बॅकस्लॅश-एन लिहिलं तर नवी ओळ न येता तेच छापलं जातं.

ही दुखणी दोन आहेत, औषधंही दोन. स्ट्रिंग कुठे संपते एवढंच लेक्सरने (मजकुराचे टोकन म्हणजे तुकडे पाडणाऱ्या भागाने) ओळखायचं. एस्केपचा, म्हणजे बॅकस्लॅश आणि त्यापुढच्या अक्षराच्या जोडीचा, अर्थ अँटलर लावत नाही. टोकनचा मजकूर दोन्हीकडच्या अवतरणांसकट जसाच्या तसा हातात देतो.

नियमाची उजवी बाजू अशी ठेवा:

'"' ( '\\' . | ~["\\] )* '"'

व्याकरणाच्या फाइलीतही बॅकस्लॅश हा एस्केपच, म्हणून तिथले दोन म्हणजे इनपुटमधला एक. फक्त \" एवढीच जोडी मान्य केलीत तर "बांगडा\\" इथे फसाल: दुसरा बॅकस्लॅश शेवटच्या अवतरणाला धरतो आणि स्ट्रिंग पुढच्या नोंदीत घुसते. चौकटी कंसात बॅकस्लॅश-आर आणि बॅकस्लॅश-एनही घाला, म्हणजे अवतरण बंद करायचं राहिलं तर चूक त्याच ओळीवर कळेल. (नियमाचं नाव देवनागरीत नको. लेक्सरचा नियम अँटलर पहिल्या कॅपिटल अक्षरावरून ओळखतो. आपल्या लिपीत कॅपिटल कुठून आणणार?)

आता अर्थ लावणं. हे लिसनर किंवा व्हिजिटरमध्ये (वाचून झालेल्या मजकुराच्या झाडावरून फिरणाऱ्या तुमच्या कोडमध्ये) करा, पण एकामागून एक रिप्लेस लावून नव्हे. इनपुटमध्ये दोन बॅकस्लॅश आणि एन असेल तर हवा असतो एक बॅकस्लॅश आणि एन. आधी बॅकस्लॅश-एन बदललंत तर बॅकस्लॅशनंतर नवी ओळ येते. आधी जोडबॅकस्लॅश बदललात तर उरलेल्या बॅकस्लॅश-एनची पुढच्या फेरीत नवी ओळ होते. क्रम कुठलाही लावा, चुकतंच. डावीकडून उजवीकडे एकच फेरी मारा: बॅकस्लॅश दिसला की पुढचं अक्षर बघा, निकाल लिहा, दोन्ही ओलांडा.

अनोळखी एस्केप आला तर तिथेच एरर द्या, टोकनच्या कॉलममध्ये आतली जागा मिळवून. लेक्सरमध्येच कडक नियम लावता येतो, पण मग नुसता 'टोकन ओळखता आलं नाही' असा संदेश येतो आणि नोंद भरणाऱ्याला काहीच उमगत नाही.

₹ आणि मराठी नावं सरळ लिहा. जावात कॅरस्ट्रीम्स हा अँटलरचा इनपुट वाचणारा वर्ग फाइल यूटीएफ-८ धरूनच वाचतो. बॅकस्लॅश-यू (युनिकोड क्रमांकाने अक्षर लिहिणारा एस्केप) द्यायचाच असेल तर त्यामागे नेमके ४ हेक्स अंक मागा. ₹ चा २०बी९ त्यात बसतो, 🐟 चा १एफ४१एफ बसत नाही. तो डी८३डी आणि डीसी१एफ अशा दोन तुकड्यांत आला तर जावात आपोआप जुळतो; पायथॉनमध्ये तुकडे सुटेच राहतात आणि फाइलीत लिहिताना एन्कोडिंगची एरर येते, तेव्हा तिथे जोडणी तुम्हालाच करावी लागेल.