बंद होणाऱ्या वर्कशॉपमधली जुनी मशिनं एकगठ्ठा घ्यावीत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुपवाडला गाळा भाड्याने घेतलाय, जॉबवर्क सुरू करायचंय. मिरज एमआयडीसीतले एक मालक शॉप बंद करतायत आणि सहा फुटी लेथ, पिलर ड्रिल, सरफेस ग्राइंडर आणि एक जुनी व्हीएमसी (संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशीन) एकगठ्ठा द्यायला तयार आहेत. घ्यावं का, आणि घेताना काय बघावं?

मीही कुपवाडलाच जॉबवर्क करतो आणि माझ्याकडची बरीचशी मशिनं अशाच बंद होणाऱ्या शॉपमधून आली आहेत. लेथ, ड्रिल, ग्राइंडर चांगली निघाली तर जरूर घ्या. व्हीएमसीचा सौदा वेगळा ठेवा, त्याचं कारण शेवटी सांगतो. पण काहीही ठरवण्याआधी त्यांचं वीज कनेक्शन चालू आहे तोपर्यंत तिथे जाऊन या. जुन्या मशिनच्या खरेदीत यापेक्षा मोठी गोष्ट नाही.

शॉप बंद करायचं ठरलं की मालक पहिल्यांदा वीजबिल थांबवायला बघतो. महावितरणचं मीटर निघालं की ते मशीन म्हणजे नुसतं बीड, ओतीव लोखंड. हेडस्टॉकचा (लेथचा गिअर आणि फिरता स्पिंडल असलेला भाग) आवाज ऐकता येत नाही, कट मारून बघता येत नाही. त्यामुळे तुम्हाला खात्री नसते आणि मालकालाही योग्य भाव मागता येत नाही. मग मशीन व्यापाऱ्याकडे जातं. तो किलोच्या हिशोबाने उचलतो, लांबी भरून रंग मारतो आणि तेच मशीन 'कंडिशन एक नंबर' म्हणून दुप्पट-तिप्पट भावात विकतो. चालू अवस्थेत, मूळ जागेवर, मूळ मालकाकडून घेतलं तर दोघांचंही भलं होतं.

जाताना ज्या कारागिराने ते मशीन रोज चालवलंय तो हजर असेल अशी वेळ ठरवा. त्याला एवढंच विचारा, "दादा, यातला कुठला स्पीड तुम्ही वापरत नाही?" आणि "बारीक काम कुठल्या मशिनवर घेता?" पहिल्या उत्तरात खराब गिअर कळतो, दुसऱ्यात चांगलं मशीन.

आता लेथ. आधी चक (जॉब धरणारा पंजा) काढून किंवा रिकामा ठेवून सगळे स्पीड एकेक करून चालवा. हेडस्टॉक गरम होईपर्यंत चालू ठेवा, कारण बेअरिंगची कुरकुर कित्येकदा गरम झाल्यावरच सुरू होते. मग चकमध्ये जाड बार धरा, चकच्या अंगावर डायल गेज लावा आणि बारला खालून वर दाब द्या. काटा किती हलतो आणि सोडल्यावर परत जागेवर येतो का ते बघा. थोडा ढिलेपणा बेअरिंग ॲडजस्ट करून जातो. स्पिंडलच्या आतल्या टेपरमध्ये डायल लावून फिरवल्यावर काटा हलत असेल तर मात्र खर्च मोठा आहे.

बेडची, म्हणजे लेथच्या खालच्या लांब बिडाच्या पायाची, झीज डोळ्यांना फसवते. लेथचं निम्म्याहून जास्त आयुष्य चकजवळच्या फूट-दीड फुटात जातं, म्हणून बेड तिथेच खातो. सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) चकजवळ आणा, गिब (त्याचा ढिलेपणा काढणारी पट्टी) एवढी आवळा की हाताने फिरवताना जरा जड जाईल, आणि मग सॅडल टेलस्टॉककडे (चकसमोरच्या दुसऱ्या टोकाकडे) न्या. वाटेत अडकायला लागलं तर तेवढी झीज चकजवळ आहे असं समजा. त्यानंतर खरी परीक्षा घ्या. चाळीस-पन्नास मिलिमीटर जाडीचा बार टेलस्टॉक न लावता दोनशे मिलिमीटर बाहेर काढून धरा, दोन्ही टोकांना एकाच सेटिंगवर बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. दोन-तीन शतांश मिलिमीटरचा फरक असेल तर साध्या जॉबवर्कला ते मशीन उत्तम. एक दशांशाचा फरक आला तरी लगेच पाठ फिरवू नका. आधी स्पिरिट लेव्हल ठेवून बघा. फाउंडेशन बसल्याने बेडला पीळ पडला असेल तर चांगलं मशीनही टेपर काढतं, आणि नवीन जागी लेव्हल केल्यावर तो दोष जातो. झीजच असेल तर बेड ग्राइंडिंग करता येतं, पण ते तेवढ्यावर थांबत नाही. बेड घासला की सॅडल खाली बसतं, लीड स्क्रूची रांग चुकते, मग सॅडलखाली टर्साइट (घर्षण कमी करणारी प्लास्टिकची पट्टी) लावून स्क्रेपिंग करून उंची परत आणावी लागते. हा सगळा खर्च मशिनच्या किमतीत धरूनच बोलणी करा.

क्रॉस स्लाइडचा बॅकलॅश (स्क्रू आणि नटमधला ढिला खेळ) बघून घाबरून जायचं कारण नाही. पितळी नट नवा करून मिळतो. गिअरचे दात, हाफ नट, टेलस्टॉकचा क्विल (आत-बाहेर सरकणारी नळी) यांचंही तसंच. आपल्या भागाचं एक बरं आहे की कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर तासाभराच्या अंतरावर आहे आणि नमुना दाखवला की गिअर कापून देणारी माणसं तिथे आहेत. म्हणूनच लेथ बनवणारी हरिहरची मायसोर किर्लोस्कर बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी तिचे टर्नमास्टर लेथ अजून चालतात. कंपनी गेली तरी मशिनं इतकी पसरलेली आहेत की पार्ट बनत राहिले. एचएमटी असेल तर आणखी चांगलं, तिचं बीड आणि बेड दोन्ही टिकाऊ. कंपनीची प्लेट नसलेलं, कुणी बनवलंय ते न सांगता येणारं मशीन मात्र मी स्वस्तातही घेत नाही.

पिलर ड्रिलचं फार काही नाही. क्विल पूर्ण खाली आणून हाताने आजूबाजूला हलवा आणि आतल्या मोर्स टेपरवर (ड्रिल बसतं त्या निमुळत्या भोकावर) ओरखडे आहेत का ते बोटाने बघा.

सरफेस ग्राइंडरवर एकाच जाडीचे चार तुकडे मॅग्नेटिक चकच्या चार कोपऱ्यांवर ठेवा, एकदम ग्राइंड करा आणि चारी मोजा. स्लाइडची अवस्था त्यातच कळते. चकची पकड सगळीकडे सारखी आहे का तेही बघा, आतली कॉइल जळालेली असली तर ते काम खर्चिक आहे.

आपल्या सांगलीच्या बाजूला आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: हे मशीन पुरात होतं का? ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ आहे. २०२१ च्या जुलैत परत पूर आला. मिरज आणि कुपवाडची एमआयडीसी उंचावर आहे, पण मशीन तिथे पहिल्यापासून असेलच असं नाही. सांगली शहरातल्या सखल भागातून किंवा कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या बाजूने नंतर आलेलं असू शकतं. मालक प्रामाणिक असला तरी त्याने ते दुसऱ्याकडून घेतलेलं असेल तर त्यालाही माहीत नसतं. म्हणून हेडस्टॉकचा ड्रेन प्लग थोडा सैल करून चमचाभर तेल काढा. दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, चमचमणारे कण असतील तर गिअर किंवा बेअरिंग झिजतंय. कूलंटच्या टाकीचा तळ, बेडच्या आतली बाजू, मोटरचा टर्मिनल बॉक्स, पॅनेलचे खालचे कोपरे इथे पुराचा बारीक राखाडी गाळ वर्षानुवर्षं चिकटून राहतो. बाहेरून रंग मारला तरी तो कुणी काढत नाही. बेअरिंग बदलून, तेल धुऊन नीट केलेलं पुरातलं लेथ चालतं, मी ते नाकारणार नाही. पण भाव त्याप्रमाणे पाहिजे. पुरातलं ग्राइंडर किंवा व्हीएमसी मात्र नको.

मशीन बघून झालं की शेल्फ आणि ड्रॉवर बघा, कारण एकगठ्ठा सौद्यात तुमचा खरा फायदा तिथे आहे. फोर जॉ चक, फेस प्लेट, स्टेडी, ट्रॅव्हलिंग स्टेडी, चकचे उलटे जॉ, गॅप बेड असेल तर गॅपचा तुकडा, चेंज गिअरचा पूर्ण संच. इंच आणि मेट्रिक दोन्ही आटे काढायचे तर १२७ दातांचा गिअर आहे का ते खास विचारा. जॉवरचे नंबर चकच्या नंबरशी जुळतात का बघा, दुसऱ्याच चकचे जॉ हमखास निघतात. मग सरफेस प्लेट, व्ही ब्लॉक, अँगल प्लेट, साइन बार, मशीन व्हाइस, टॅप, रीमर, टी बोल्ट, क्लॅम्प. हे नवीन घ्यायला गेलात तर एका छोट्या मशिनएवढा खर्च येतो, आणि शॉप बंद होताना हे सगळं पोत्यात भरून भंगारात जातं. स्टार्टर, मेन स्विच, तांब्याची केबल तर सगळ्यात आधी जाते. म्हणून मशिनचा भाव काढायच्या आधी या सगळ्याची यादी करा, फोटो काढा आणि यादीवर मालकांची सही घ्या. गिऱ्हाइकांची फिक्स्चर, डाय, ड्रॉइंग यांना मात्र हात लावू नका. ती मालकांची नसतात आणि त्यावरून पुढे वाद होतात.

भावाचं बोलायचं तर मशिनचं वजन गुणिले बिडाचा त्या दिवशीचा भंगार भाव, ही तळाची रेघ. त्याखाली कुणी देणार नाही आणि मागूही नये. वर किती जायचं ते ठरवताना हायड्रा क्रेन, ट्रक, फाउंडेशन, वायरिंग आणि दुरुस्ती आधी वजा करा. आणि एक कळकळीचं सांगणं: भाव पाडायला मालकांसमोर त्या मशिनला भंगार म्हणू नका. ज्या मशिनवर त्यांनी घर चालवलं, पोरं शिकवली, दर खंडेनवमीला ज्याला हळदकुंकू वाहिलं, ते विकताना त्यांना किती जड जातं हे बोलून दाखवत नाहीत. दोष असतील ते मोजून सांगा, आकड्याने सांगा. चांगल्या हातात जातंय असं वाटलं तर ती माणसं यादीबाहेरचंही देतात. जुन्या गिऱ्हाइकांशी ओळख करून देतात, कारागिराला तुमच्याकडे पाठवतात. नवीन शॉपला पहिल्या महिन्यात काम मिळणं हे लेथपेक्षा मोलाचं आहे.

कागदपत्रं थोडक्यात. मशीन बँकेकडे तारण आहे का ते विचारा आणि असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आल्याशिवाय इसारापलीकडे पैसे देऊ नका. शेड भाड्याची असेल तर भाडं थकलंय का तेही बघा, नाहीतर गेटवर मशीन अडतं. बिल एकरकमी घेऊ नका, प्रत्येक मशीन मेक आणि सिरियल नंबरसह वेगळ्या रकमेने, जीएसटी लावून घ्या. तुम्हाला क्रेडिट मिळेल, आणि विमा किंवा कर्ज काढताना तोच कागद लागेल. मशिनं कुठल्या तारखेपर्यंत हलवायची आणि तोपर्यंत वीज चालू ठेवायची, हे दोन्ही लेखी ठरवा.

हलवताना घाई नको. लेथ वरून जड असतो, पटकन कलंडतो. पट्टा बेडखालून घ्या, लीड स्क्रू किंवा फीड रॉडला कधीही लागता कामा नये. सॅडल टेलस्टॉककडे सरकवून तोल साधा आणि मग लॉक करा. ग्राइंडरचं व्हील काढून घ्या, टेबल वेगळं उतरवा. पावसाळ्यात हलवणार असाल तर उघड्या बिडावर ग्रीस फासून ताडपत्री टाका, मिरज ते कुपवाड एवढ्या अंतरातही गंज चढतो. नवीन जागी लेव्हल करा, आठ-पंधरा दिवस चालवून परत लेव्हल करा. जोडणी झाल्यावर फेज उलटा नाही ना ते मोटर क्षणभर फिरवून बघा आणि मगच काम घ्या.

आता व्हीएमसी. जुन्या लेथचे दोष हाताला कळतात, हिचे कळत नाहीत. फानुकसारख्या कंपनीच्या कंट्रोलमध्ये पॅरामीटर बॅटरीवर टिकतात, आणि ॲब्सोल्युट एन्कोडरलाही (अक्षांची जागा लक्षात ठेवणारा सेन्सर) वेगळी बॅटरी असते. मशीन महिनोन्‌महिने बंद राहिलं आणि बॅटऱ्या उतरल्या की सगळं पुसलं जातं. बॅकअप नसेल तर ते मशीन उभं करणं फार महागात जातं. म्हणून कनेक्शन चालू असतानाच पॅरामीटर, लॅडर (मशीनचं आतलं लॉजिक) आणि प्रोग्रॅमचा बॅकअप कार्डवर घ्या आणि बॅटऱ्या मशीन चालू ठेवूनच बदला. स्क्रीनवर दिसणाऱ्या तासांवर फार विसंबू नका, तो आकडा बदलता येतो. स्पिंडलचा आवाज सर्वात वरच्या स्पीडला अर्धा तास ऐका, टूल चेंजर सलग पुन्हापुन्हा फिरवा, आणि शक्य असेल तर बॉलबार टेस्ट (अक्षांची अचूकता मोजणारी चाचणी) करून घ्या. त्यासाठी जाणकार सर्व्हिस इंजिनिअरला पैसे देऊन न्या, ते पैसे वाया जात नाहीत. आणि हलवण्याआधी हेड लाकडी ठोकळ्यावर टेकवून ट्रान्सपोर्ट ब्रॅकेट लावल्याशिवाय कुणाला उचलू देऊ नका.

तिचं मेक, साल आणि कंट्रोलचं मॉडेल प्रश्नाखाली लिहा. प्लेटचा फोटो टाकलात तर पार्ट मिळतील का आणि मालक मागतायत तो भाव जुळतो का, ते बघून सांगतो.