मुलाच्या दप्तरात व्हेप (ई-सिगारेट) सापडलं, त्याच्यावर गुन्हा दाखल होईल का?

सहसा नाही. 2019 चा ई-सिगारेट बंदी कायदा उत्पादन, आयात, विक्री, वाहतूक, साठा आणि जाहिरात यांवर आहे. नुसतं ओढण्याला त्यात शिक्षा नाही. विकणाऱ्याला मात्र पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. पण मुलाने वर्गातल्या मित्रांना विकायला चार-पाच आणून ठेवली असतील, तर तोही अडकू शकतो. हे आधी त्याला शांतपणे विचारा.

बंदी असूनही पुण्यात कॉलेजांच्या आसपास हे मिळतं, याची मला खरंच चीड येते. आंबा, पुदिना असे स्वाद मुलांसाठीच असतात आणि आत बहुतेकदा निकोटिन असतं. कुठून घेतलं ते कळलं तर पोलिसांत तक्रार द्या. उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारीही त्या दुकानाची झडती घेऊ शकतो.

आणि कृपा करून मारझोड नको. सवय लागली असेल तर ती इच्छाशक्तीची उणीव नाही, निकोटिनचं व्यसन आहे. केंद्र सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन 1800-11-2356 मोफत आहे. शक्यतो फोन त्यालाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा.