वाचकांचे प्रश्न : नव्या कराराची २७ पुस्तके कशी ठरली?

प्रश्न : नायसियाच्या परिषदेत बिशपांनी मतदान करून बायबलमधली पुस्तके ठरवली, असे नेहमी ऐकतो. मग त्यात देवाचे मार्गदर्शन कुठे राहिले?

उत्तर : असे मतदान झालेच नाही. इ.स. ३२५च्या त्या परिषदेपुढे अरियसची शिकवण (पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, ही) होती, पुनरुत्थानाचा सण कधी पाळायचा हा वाद होता, शिवाय शिस्तीचे काही प्रश्न होते. परिषदेचे २० नियम आजही वाचायला मिळतात. त्यात पुस्तकांची यादी नाही. ही आख्यायिका नवव्या शतकाच्या अखेरच्या एका ग्रीक संकलनात सापडते. सगळी पुस्तके वेदीपाशी ठेवून प्रार्थना केली, खरी वर राहिली आणि खोटी खाली गेली, असे तिथे सांगितले आहे. म्हणजे परिषदेनंतर साडेपाचशे वर्षांनी, आणि त्यातही मतदान नाही, चमत्कार आहे.

आज छापतात नेमकी तीच २७ पुस्तके एका यादीत पहिल्यांदा दिसतात ती ३६७ साली, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या पत्रात. सणाची तारीख कळवायला तो दरवर्षी मंडळ्यांना, म्हणजे गावोगावच्या ख्रिस्ती समुदायांना, पत्र पाठवी, त्यातलेच हे एक. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो (३९३) आणि कार्थेज (३९७) इथल्या सभांनी तीच २७ मान्य केली. तोवर यातली बहुतेक पुस्तके मंडळ्यांत दोनशे वर्षे वाचली जात होती. सभांनी शिक्का मारला, निवड आधीच झाली होती.

प्रश्न : ‘प्रेषितांची कृत्ये’ १५:२८ मध्ये ‘पवित्र आत्म्याला व आम्हांला योग्य वाटले’ असे लिहिले आहे. आत्म्याला काय योग्य वाटले, हे या लोकांना कळले कसे?

उत्तर : त्याच अध्यायात वर जाऊन वाचा, सगळी रीत तिथे आहे. प्रसंग साधारण इ.स. ४९चा. यहूदियातून आलेल्या काहींनी अंत्युखियात शिकवायला सुरुवात केली, की सुंता झाल्याशिवाय तारण नाही. मंडळीने पौल आणि बर्णबा यांना यरुशलेमला पाठवले. तिथे आधी बराच वाद झाला, आणि लेखकाने तो लपवलेला नाही. मग पेत्राने सांगितले, की सुंता न झालेल्यांवरही आत्मा उतरलेला आपण पाहिला. बर्णबा आणि पौल यांनी आपला अनुभव मांडला. याकोबाने ते सगळे आमोस संदेष्ट्याच्या वचनाशी ताडून पाहिले आणि मग निर्णय सुचवला. सुंतेची सक्ती नाही. फक्त मूर्तीला अर्पिलेले पदार्थ, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म एवढे टाळावे. ‘आत्म्याला व आम्हांला’ हे शब्द येतात ते इतके सगळे झाल्यावर, निर्णयाच्या पत्रात.

पत्रासोबत यहूदा (बर्सबा म्हटलेला) आणि सीला हे दोघे गेले, मजकूर तोंडीही सांगायला. ही काळजी उगाच नव्हती. आपल्या नावाने आलेल्या पत्राने घाबरून जाऊ नका, असे पौलाने थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (२:२) बजावले आहे आणि शेवटी सलाम स्वतःच्या हाताने लिहून तीच प्रत्येक पत्राची खूण म्हटली आहे.

यहूदा इस्कार्योतच्या जागी माणूस नेमतानाही (कृत्ये १) थेट चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. आधी अट ठरली: योहानाच्या बाप्तिस्म्यापासून येशूच्या स्वर्गारोहणापर्यंत जो सोबत होता तोच. त्या अटीत बसणारे दोघे पुढे केले, प्रार्थना केली आणि मग चिठ्ठी मत्थियाच्या नावाची निघाली. यानंतर नव्या करारात चिठ्ठ्या टाकून माणूस नेमल्याचे कुठेही नाही.

दृष्टान्ताचेही तसेच. त्रोवस बंदरात रात्री पौलाला (कृत्ये १६) मासेदोनियाचा माणूस दिसला. पण पुढच्याच ओळीत निष्कर्ष ‘आम्ही’ काढला असे आहे. तिथल्या ग्रीक क्रियापदाचा मूळ अर्थ एकेक गोष्ट जुळवणे. आसिया प्रांतात बोलायला मनाई, बिथुनियाची वाट बंद, आणि आता हा दृष्टान्त: तिन्ही जुळवून ते जहाजात बसले.

आत्म्याच्या नावावर बोलणारे भोंदू तेव्हाही होतेच. पहिल्या शतकाच्या अखेरीची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची ‘डिडाखे’ ही मार्गदर्शिका त्यांच्यासाठी अगदी व्यवहारी मापे देते. फिरता प्रेषित एक दिवस राहील, गरज पडली तर दोन. तीन दिवस राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी. पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात येऊन ‘ताट वाढा’ म्हणाला आणि स्वतःच त्यातले जेवला, तरीही खोटा. मात्र तो आत्म्यात बोलत असताना त्याची परीक्षा घेऊ नका, असेही तेच पुस्तक बजावते. पारख करायची ती वागण्याची. मार्गदर्शन आहे म्हणून चर्चेला सुट्टी, असे या लोकांनी मानलेले दिसत नाही. पौलसुद्धा करिंथकरांना लग्नाबद्दल लिहिताना (१ करिंथ ७) ‘हे प्रभूचे’ आणि ‘हे माझे’ असे वेगळे करून सांगतो.

प्रश्न : एखादे पुस्तक घ्यायचे की वगळायचे, हे कशावरून ठरे?

उत्तर : तीन गोष्टी पाहिल्या जात: ते प्रेषितांच्या काळापर्यंत पोचते का, मंडळीला मिळालेल्या विश्वासाशी जुळते का, आणि दूरदूरच्या मंडळ्यांत वाचले जाते का. याचे तक्ते कोणी भरत नव्हते. प्रत्यक्षात काय होई ते अंत्युखियाचा बिशप सेरापियन याच्या उदाहरणावरून कळते. इ.स. २००च्या आसपास रोसस गावच्या मंडळीत ‘पेत्राचे शुभवर्तमान’ वाचण्यावरून कुरबूर सुरू होती. सेरापियनने पुस्तक न वाचताच म्हटले, भांडण एवढेच असेल तर वाचा. पुढे शंका आली, तेव्हा ते वापरणाऱ्यांकडूनच त्याने प्रत मागवली आणि बारकाईने वाचली. बराचसा मजकूर ठीक होता, काही भर मात्र वेगळ्या शिकवणीची होती. ती भर टिपून त्याने मंडळीला कळवली. पुस्तकावर पेत्राचे नाव होते, तरी तेवढ्यावर भागले नाही.

उलट ‘हर्मासचा मेंढपाळ’ हे पुस्तक लोकांना फार आवडे. पण ‘म्युराटोरी’ नावाने ओळखली जाणारी ८५ ओळींची लॅटिन यादी म्हणते, की ते अगदी अलीकडे, पायस रोमचा बिशप असताना (दुसऱ्या शतकाच्या मध्यास) लिहिले गेले; म्हणून खाजगीत वाचा, मंडळीपुढे प्रेषितांच्या बरोबरीने नको. वगळलेले प्रत्येक पुस्तक पाखंडी होते, ही समजूत इथेच गळून पडते.

याद्यांची निकड वाढवली रोममधल्या मार्सियन नावाच्या शिक्षकाने. त्याने जुना करार नाकारला आणि काटछाट केलेले लूक व पौलाची १० पत्रे एवढेच ठेवले. इ.स. १४४च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बाहेर काढले आणि त्याने दिलेली २ लाख सेस्टर्सची देणगीही परत केली.

प्रश्न : मग २७ हा आकडा सगळ्या ख्रिस्ती मंडळ्यांत सारखाच होता का?

उत्तर : नाही. सिरियाक भाषेतल्या पेशित्ता या बायबलच्या नव्या करारात मुळात २२ पुस्तके होती. पेत्राचे दुसरे, योहानाचे दुसरे व तिसरे आणि यहूदाचे अशी पत्रे, तसेच प्रकटीकरण हे पुस्तक त्यात नव्हते. चौथ्या शतकातल्या सिनाय कोडेक्स या हस्तलिखित बायबलमध्ये २७ पुस्तकांनंतर ‘बर्णबाचे पत्र’ आणि ‘मेंढपाळ’ही आहेत. पश्चिमेत इब्री लोकांस पत्राबद्दल कुरकुर होती, पूर्वेत प्रकटीकरणाबद्दल. चार शुभवर्तमाने आणि पौलाची मुख्य पत्रे यांवर मात्र दुसऱ्या शतकाच्या अखेरीस फारसा वाद उरला नव्हता.

प्रश्न : तेव्हा साध्या मंडळीकडे ही सगळी पुस्तके असायची का?

उत्तर : एका जिल्दीत तर क्वचितच. पपायरसची पाने दुमडून शिवलेली वही, म्हणजे कोडेक्स, ख्रिस्ती लोकांनी लवकर उचलली. पण तिच्यात मावायचे किती? ‘पी ४६’ ही इ.स. २००च्या आसपासची पौलाच्या पत्रांची वही ५२ ताव एकात एक घालून केलेली, म्हणजे १०४ पाने. अशा वहीत मागाहून पाने घालता येत नाहीत, मजकुराचा अंदाज आधीच करावा लागतो. या लेखनिकाचा अंदाज चुकला. अर्धी वही उलटल्यावर तो एका पानावर जास्त अक्षरे कोंबू लागतो.

मंडळीच्या घरात काय असे, हे उत्तर आफ्रिकेतल्या सिर्ता गावच्या सरकारी नोंदीत दिसते. रोमन सम्राट डायोक्लेशियनच्या हुकमावरून १९ मे ३०३ रोजी तिथे जप्ती झाली. सापडले ते असे: सोन्याचे २ प्याले, चांदीचे ६, बायकांचे ८२ अंगरखे, बायकांच्या पादत्राणांचे ४७ जोड. पुस्तकांची कपाटे रिकामी. वाचकांकडे, म्हणजे उपासनेत ती वाचून दाखवणाऱ्यांकडे आहेत, असे उत्तर मिळाले. मग अधिकारी एकेका वाचकाच्या घरी गेले. एकाने ४ कोडेक्स दिली, एकाने ५, एकाने ८. एक वाचक घरी नव्हता, त्याच्या बायकोने ६ आणून ठेवली. आणखी आहेत का, असे विचारल्यावर ती नाही म्हणाली. सरकारी गुलामाला आत पाठवले. त्याने शोधले आणि काही मिळाले नाही असे सांगितले, तेही नोंदीत आहे.