गरोदरपण, एचआयव्ही आणि कॉलेजचं शिबिर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं शिबिर दत्तक गावात होणार आहे. त्यात एक दिवस सगळ्या गावाची एचआयव्ही तपासणी करावी असं ठरतंय. चालेल का? (कार्यक्रम अधिकारी, धाराशिव जिल्हा)

उत्तर : सर, हा बेत कृपया सोडून द्या. एचआयव्हीची तपासणी मांडवात रांग लावून उरकायची गोष्ट नाही. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार माणसाला नीट माहिती देऊन त्याची संमती घ्यावी लागते, समुपदेशन करावं लागतं आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. लहान गावात कोणाला पुन्हा बोलावून घेतलं, ही बातमी संध्याकाळपर्यंत पारावर पोचते. मग त्या घराचं जे होतं ते निस्तरायला शिबिरातलं कोणीही तिथे नसतं.

त्याऐवजी आशाताईंना विचारा, तुम्हाला कशाला हात हवाय? गरोदर बायकांची नोंदणी पहिल्या 12 आठवड्यांत व्हायला हवी. त्यातच एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी होते, हिमोग्लोबिन कळतं. पण उपकेंद्र लांब असतं, रोज बुडतो, घरात कोणी सोबतीला नसतं. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. त्या दिवशी बायकांसोबत जाणं, घरी राहिलेली मुलं सांभाळणं, गाडीची सोय बघणं हे काम विद्यार्थी उत्तम करतात. कोणाची कुठली तपासणी राहिली, ती यादी मात्र आशाताईंकडेच राहू द्या.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गृहभेटीत एका ताईंनी विचारलं, "मला तो आजार निघाला तर बाळालाही होणारच ना?" मी गडबडले. काय सांगायला हवं होतं? (विद्यार्थिनी, सातारा)

उत्तर : ठाम सांगायचं, "नाही, होणारच असं नाही." काहीच उपचार घेतले नाहीत तर गर्भारपण, बाळंतपण आणि अंगावरचं दूध या तिन्ही वाटांनी मिळून बाळाला लागण होण्याची शक्यता 15 ते 45 टक्के असते. आईने औषधं नियमित घेतली तर ती 5 टक्क्यांच्या खाली येते. लवकर सुरुवात झाली आणि रक्तातलं विषाणूंचं प्रमाण दबलं, तर त्याहूनही खूप कमी होते. ही औषधं सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) केंद्रात मोफत मिळतात. गरोदर बाईला निदान झाल्याबरोबर ती सुरू करतात आणि पुढे जन्मभर घ्यायची असतात.

बाळंतपण दवाखान्यात व्हावं. केवळ एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियन करायची गरज नसते. बाळाला जन्मल्यावर काही आठवडे औषध देतात, 6 आठवड्यांचं झालं की पहिली तपासणी होते आणि 18 महिन्यांनी शेवटची. औषधं चालू असताना आई अंगावर पाजू शकते. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं काही नाही.

आणखी एक गोष्ट सासूबाईंच्या कानावर घाल. तपासणी गरोदरपणात होते म्हणून घरात आजार आधी सुनेचा कळतो, आणि "हिनेच आणला" असं ठरवून मोकळे होतात. आधी कळला म्हणजे आधी झाला असं नसतं. नवऱ्याचीही तपासणी तितकीच गरजेची आहे, हे पहिल्याच भेटीत बोललं गेलं तर पुढचा बराच अन्याय टळतो.

प्रश्न : आमच्या तालुक्यातून दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला जातात. गरोदर बायकाही जातात आणि त्यांच्या तपासण्या तिथेच तुटतात. आम्ही कॉलेजची मुलं काय करू शकतो? (कॉलेजमधल्या एचआयव्ही जागृतीच्या रेड रिबन क्लबचे सदस्य, बीड जिल्हा)

उत्तर : हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बाई गाव सोडते तशी ती गावच्या आशाताईंच्या नजरेतून सुटते, आणि कारखान्याच्या बाजूच्या आशाताईंना ती कोपीवर (ऊसतोड मजुरांच्या झोपडीत) आल्याचं कळतही नाही. पहाटे फडात जायचं, मोळ्या वाहायच्या, सुट्टी घेतली तर खाडा, म्हणजे पैसे कापले जातात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 45.7 टक्के गरोदर स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या होत्या. अशा अंगाने हे काम करायचं म्हणजे काय, याचा विचार करा.

टोळ्या निघण्याआधीचा महिना तुमचा. गरोदर बाईच्या सगळ्या तपासण्या झाल्यात ना, लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या पुरेशा दिल्यात ना, माता-बाल कार्ड पेटीत तळाशी न जाता पिशवीत बरोबर आहे ना, एवढं आशाताईंसोबत घरोघर पाहा. एआरटीवर असलेल्यांसाठी जाहीर निरोप सगळ्यांनाच द्या, कोणा एकीला गाठून नको : बाहेरगावी जायच्या आधी केंद्राला सांगा, म्हणजे जास्त दिवसांच्या गोळ्यांची किंवा तिकडच्या केंद्रातून औषधांची सोय पाहता येते.

दुसरं टोक सांगली, कोल्हापूर, साताऱ्याकडे आहे. तिथल्या कारखान्यांच्या परिसरातही कॉलेजं आहेत, तिथेही राष्ट्रीय सेवा योजनेची पथकं आहेत. तुमच्या कॉलेजने त्यांतल्या एखाद्याशी थेट जोडी जमवावी, असं मला कळकळीने वाटतं. टोळी कुठे उतरली ते तुम्ही कळवायचं, त्यांनी तिथल्या आशाताईंना कोपीपर्यंत न्यायचं. बाई गरोदर आहे हे कळवायलाही तिला आधी विचारायचं. बाकी आजारांविषयी विद्यार्थ्यांनी एकमेकांना अवाक्षर सांगायचं नाही, ते दवाखाने आपसांत पाहतील.

प्रश्न : मुलीला शिबिरात निरोधविषयी बोलायला लावतात. हे शोभतं का? (एक पालक, नगर)

उत्तर : शोभतं. तिला ही माहिती स्वतःसाठीही हवी आहे. बायांच्या बैठकीत मुलींनी आणि पुरुषांच्या बैठकीत मुलांनी बोलावं, म्हणजे संकोच कमी होतो. पुरुषांची बैठक टाळू मात्र नका.

प्रश्न : सात दिवसांत काय साधतं? (प्राध्यापक, वर्धा)

उत्तर : ओळख होते. तुमच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पहिल्या वर्षाची मुलं गावात शिबिराला राहतात, प्रत्येकाला काही कुटुंबं वाटून दिली जातात आणि पुढेही ती मुलं त्याच घरांत जात राहतात. 2022 पासून देशभरातल्या एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठीही कुटुंब दत्तक योजना आली आहे. कला-वाणिज्यच्या मुलांनाही हे जमेल. गरोदर बाई तीच, विद्यार्थी तोच, महिन्याला एक भेट, बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत.

प्रश्न : एका वहिनींनी मला विश्वासाने सांगितलं की त्यांना एचआयव्ही आहे, नवऱ्याला माहीत नाही. मी आमच्या सरांना सांगू का? (विद्यार्थिनी, यवतमाळ)

उत्तर : नाही. सरांना नाही, मैत्रिणीला नाही, वहीतही लिहू नकोस. वहिनींना विचार, त्या समुपदेशकांना भेटतील का. हवं तर सोबत जा. 1097 या मोफत क्रमांकावरून त्या स्वतःही बोलू शकतात. नवऱ्याला सांगायची वेळ आलीच तर ते काम डॉक्टरांचं किंवा समुपदेशकांचं आहे. त्यातही बाईला मारहाण होण्याची किंवा तिला घराबाहेर काढण्याची भीती असेल, तर सांगू नये असंच कायदा म्हणतो. त्यांच्या गोळ्या चालू आहेत का, एवढं मात्र पुढच्या भेटीत हळूच विचार. बंद असतील तर समुपदेशकांकडे जाणं लांबवू देऊ नकोस.