गणपतराव देशमुख सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून विधानसभेवर नेमके किती वेळा निवडून आले? सलग का?

११ वेळा, पण सलग नाही. १९६२ आणि १९६७ ला विजय, १९७२ ला पराभव. १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. ही पोटनिवडणूक मोजायची राहते आणि मग आकडा १० वर अडकतो. पुढे १९७८, १९८०, १९८५, १९९०. १९९५ ला शहाजीबापू पाटलांकडून अगदी थोड्या मतांनी हरले. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४. शेवटच्या विजयाच्या वेळी वय ८८ होतं. २०१९ ला ते उभे राहिले नाहीत. ३० जुलै २०२१ ला सोलापुरात त्यांचं निधन झालं.

पक्ष शेवटपर्यंत शेकापच (शेतकरी कामगार पक्ष). म्हणून बहुतेक काळ विरोधी बाकावर. मंत्रिपद १९७८ आणि १९९९ च्या आघाडी सरकारांतच मिळालं. माझ्या मते त्यांचं खरं काम दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठीचं: स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत आटपाडीची पाणी परिषद आणि टेंभू, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्यासाठीचा सततचा पाठपुरावा.

एकाच मतदारसंघातून सर्वाधिक वेळा आमदार होण्याचा 'देशातला विक्रम' मात्र म्हणू नका. केरळचे के. एम. मणी एकट्या पाला मतदारसंघातून १३ वेळा निवडून आले. महाराष्ट्रापुरता हा विक्रम गणपतरावांचाच.