टायगर झोपतो कधी?

उन्हाळ्याच्या सुट्टीत मला येणारे बरेचसे फोन एकाच तक्रारीचे असतात. पिल्लू खेळता खेळता चावतं, पोरांच्या हातापायांवर ओरखडे उठलेत, बायकांच्या साड्या फाटल्यात. मग विचारतात, हे मोठं झाल्यावर चावकं निघेल का? त्याच्या आड आणखी एक प्रश्न असतो, तो लाजेकाजेने कुणी पटकन बोलत नाही : परत मळ्यात सोडून यावं का?

जळगाव जिल्ह्यात मी कुत्री पाळणाऱ्या घरांसाठी समुपदेशन करते. अमळनेरच्या एका घरातला हा अनुभव सांगते, कारण या तक्रारीत जे जे असू शकतं ते सगळं तिथे एकाच ओट्यावर सापडलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आखाजीचे, म्हणजे अक्षय्य तृतीयेचे दिवस होते. लेकी माहेरी आलेल्या, घरात नातवंडांची गर्दी, अंगणातल्या निंबाला झोका बांधलेला. त्यात नऊ आठवड्यांचं गावठी पिल्लू, नाव टायगर. चोपड्याकडच्या नातेवाइकांच्या केळीच्या मळ्यातल्या कुत्रीचं. घरातला आठ वर्षांचा मुलगा हट्टाला पेटला म्हणून ते पाचव्या आठवड्यातच उचलून आणलेलं. मी दारात पाऊल ठेवलं तोच आजी म्हणाल्या, "हाई पिल्लू नही मॅडम, खरंच वाघ शे!" आजींना घरात सगळे अक्का म्हणतात. त्यांच्या लुगड्याच्या काठाला ठिकठिकाणी भोकं पडली होती.

चावण्याबद्दल बोलण्याआधी मी मुलाचा हात बघायला मागितला. मनगटाजवळ दाताची दोन बारीक भोकं होती. आदल्या दिवशी रक्त आलं होतं आणि अक्कांनी त्यावर तिखट दाबलं होतं. इथे मला थांबावंच लागलं. "एवढ्याशा पिल्लाला कुठला रेबीज" हे वाक्य मी खानदेशात फार ऐकते, आणि ते चुकीचं आहे. पिल्लालाही रेबीज होऊ शकतो. रेबीजची पहिली लस पिल्लाला साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर देतात. म्हणजे ज्या वयात ते सगळ्यात जास्त चावतं, त्या वयात त्याला लसच मिळालेली नसते. शिवाय मळ्यातल्या आईला लस टोचली होती का, हे त्या घरात कुणालाच सांगता येईना.

त्यामुळे पहिलं काम खेळाचं नव्हतंच. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. तिखट, हळद, चुना, तेल काहीही लावायचं नाही. मग लगेच सरकारी दवाखाना. तिथे ही लस मोफत मिळते आणि दंडावर कातडीत देतात : पहिला दिवस शून्य धरला तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. रक्त निघालेलं असेल तर लशीसोबत जखमेत इम्युनोग्लोबुलिनही (रेबीजच्या विषाणूला लगेच अडवणारी तयार प्रतिद्रव्यं) द्यावं लागतं, ते डॉक्टर ठरवतात. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची हे बरोबर, पण ते दहा दिवस सरायची वाट बघत लस लांबवायची नाही. आबांना पोटात टोचायच्या त्या चौदा इंजेक्शनांची भीती होती. त्या जुन्या लशीचं उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस बंद झालं, हे सांगितल्यावर ते स्वतःच नातवाला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेले.

ते गेल्यावर मी घरातल्या बाकीच्यांना विचारलं, "टायगर झोपतो कधी?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रात्री झोपतो, वहिनी म्हणाल्या. आणि दिवसा? दिवसा कसला झोपतो, पोरं आहेत ना.

माझ्या मते गाठ इथेच होती. या वयाचं पिल्लू दिवसरात्र मिळून अठरा ते वीस तास झोपतं, किंवा झोपायला हवं. त्या घरात पहाटे सडा-सारवणापासून वर्दळ सुरू व्हायची. खाटेखाली डोळा लागला की कुणीतरी भाचा पाय धरून बाहेर ओढायचा. दुपारी अंगणात पाय ठेववत नाही असं ऊन, म्हणून सगळी पोरं आणि पिल्लू एकाच खोलीत कूलरसमोर. उन्हं उतरली की सगळे मिळून अंगणात, झोका सुरू. आणि तक्रार काय, तर "संध्याकाळी त्याच्या अंगात येतं." अंगात बिंगात काही येत नाही. दिवसभर झोप न मिळालेलं लेकरू तिन्हीसांजेला जसं कारण नसताना किरकिरतं, तसंच हे. फरक एवढाच की याच्या तोंडात दुधाचे अठ्ठावीस दात आहेत आणि ते सुईसारखे आहेत.

म्हणून पहिला बदल शिकवणुकीचा नव्हता, जागेचा होता. मागच्या खोलीत कोपऱ्यात आडवी खाट लावून आडोसा केला, खाली ओलसर गोणपाट, बाजूला पाण्याचं भांडं. तास-सव्वा तास जागा राहिला की टायगर आडोशाच्या आत, आणि तो आत असताना कुठल्याही पोराने हात लावायचा नाही. ही शिक्षेची जागा नाही, हे मी वहिनींना दोनदा सांगितलं. रागावून आत ढकललं तर तो तिथे झोपणार नाही. भाकरीचा तुकडा आत टाकायचा, तो आपणहून जाईल.

दुसरी गोष्ट त्या पाचव्या आठवड्याची. पिल्लं सहा-सात भावंडांत वाढतात तेव्हा दिवसभर एकमेकांना चावत असतात. एखाद्याने जास्त जोर लावला की दुसरं कळवळतं आणि खेळ सोडून निघून जातं. आईदेखील दूध तोडून उठते. दात किती जोराने लावला की खेळ मोडतो, हा हिशेब पिल्लू तिथे शिकतं. पाच आठवड्यांत उचललेल्या पिल्लाची ती शाळा अर्धीच होते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा केंद्राचा २०१७ चा नियम आहे. मळ्यातून फुकट आणलेल्या पिल्लाकडे तो नियम बघायला कुणी येत नाही, पण त्यामागचं कारण तेच राहतं. भावंडांचं उरलेलं काम आता घरातल्या माणसांना करावं लागतं.

आणि ते काम त्या घरात कसं चाललं होतं? मुलाचे वडील संध्याकाळी दुकानातून आले की हातानेच त्याच्याशी कुस्ती खेळायचे, चावला की हसायचे. आबा गुंडाळलेला पेपर नाकावर मारायचे. वहिनी ओरडायच्या. मुलगा किंचाळत पळायचा. अक्का लुगडं ओढून घ्यायच्या. एकाच चावण्याला पाच उत्तरं, आणि त्यातली चार टायगरच्या दृष्टीने मजेचीच! पळणारा पोरगा, ओढला जाणारा काठ, मोठा आवाज, यापेक्षा चांगला खेळ कुठला?

आबांशी माझी थोडी खडाजंगी झाली, ती लिहायला हवी. "मारं नही तं आयकी कसं?" हे त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, आबा, पेपर मारल्यावर तो थांबतो का? थांबतो, पण माझ्यापुरता. आणि मी हात पुढे केला तर? तर मागे सरकतो. मग हीच तर अडचण आहे. नाकावर मारलेल्या पिल्लाला माणसाच्या हाताची धास्ती बसते. पुढे कुणी लाडाने डोक्याकडे हात नेला तरी ते बचावासाठी चावू शकतं. मार खाऊन गुरगुरणं बंद झालं तर आणखी वाईट, कारण गुरगुर ही चावण्याआधीची सूचना असते. मोबाइलवरच्या व्हिडिओत दाखवतात तसं पिल्लाला पाठीवर उताणं दाबून "मालक कोण ते दाखवा" हा प्रकारही भाच्याने करून बघितला होता. त्यानंतरचा ओरखडा भाच्याच्या गालावर होता. (त्यालाही दवाखान्यात पाठवलं.)

मग आम्ही सगळ्यांसाठी एकच उत्तर ठरवलं. दात कातडीला जोरात लागला की हात सैल सोडायचा, झटका देऊन ओढायचा नाही, आणि काही न बोलता उठून आडोशापलीकडे किंवा दाराआड जायचं. वीस-तीस सेकंद. मग परत यायचं आणि खेळ पुन्हा सुरू. पुन्हा चावला, पुन्हा उठायचं. बरेच जण सांगतात की "आई गं" असं कळवळून ओरडा. काही पिल्लं त्याने थांबतातही. टायगर मात्र मुलगा ओरडला की दुप्पट चेकाळायचा, म्हणून इथे आवाज बंद केला.

सुरुवातीला फक्त जोराच्या चाव्यालाच उठायचं. हलका दात चालू द्यायचा. हे वहिनींना पटेना. चावणं एकदाचं बंदच का नाही करायचं? कारण मोठ्या कुत्र्याला कधीतरी कुणाचा शेपटीवर पाय पडेल, कधी कान दुखत असताना कुणी हात लावेल. त्या क्षणी ते तोंड घालेलच. तेव्हा जबड्याला जोर आवरायची सवय असेल तर नुसता ओला स्पर्श होतो, नसेल तर टाके पडतात. ही सवय दुधाच्या दातांच्या वयातच लागते. जोर उतरला की मग हलक्या दातालाही उठायला लागायचं.

पोरांसाठी नियम सोपा ठेवला : टायगर अंगावर आला की जागच्या जागी उभं राहायचं, हाताची घडी, नजर आभाळाकडे. पळायचं नाही. लहान तिघांना हे जमणार नाही हे दिसतच होतं. म्हणून मोठं माणूस जवळ नसेल तर लहान पोरं आणि पिल्लू एकत्र ठेवायचंच नाही असं ठरलं. झोक्याची तर गोष्टच वेगळी. खाली-वर जाणारे पाय बघून कुठलंही पिल्लू झेपावेल, त्याला शिकवत बसण्यात अर्थ नाही. झोका चालू असताना टायगर आत. संपलं.

चावायला काहीतरी हवंच. अक्कांनी उदार होऊन जुनं लुगडं काढलं, त्याची वेणी करून द्या म्हणाल्या. मी नको म्हटलं. जे अंगावर असताना धरायचं नाही तेच खेळायला दिलं तर त्याने फरक कसा ओळखायचा? जुनी चप्पल, मोजा यांचंही तेच. त्याऐवजी जाड टॉवेलला गाठी मारून, भिजवून, फ्रीजरमध्ये गार केला. हिरड्या शिवशिवतात तेव्हा गार बरं वाटतं. साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत दुधाचे दात पडून बेचाळीस पक्के दात येतात, त्या काळात हा टॉवेल लागणारच. टॉवेलचे धागे सुटायला लागले की फेकून द्यायचा, आणि रश्शातली शिजलेली हाडं द्यायची नाहीत, त्यांच्या काड्या घशात-पोटात टोचतात.

अक्कांना दिलेलं काम त्यांनी सगळ्यांत नेटाने केलं. टायगरने काठ धरला की ओढाताण करायची नाही, पुतळ्यासारखं उभं राहायचं, टॉवेल त्याच्या नाकासमोर जमिनीवर हलवायचा. आणि दुपारी त्याची अर्धी भाकरी मुठीतून द्यायची. मूठ चावली, चाटली, पंजा मारला तर मूठ बंदच. तोंड मागे घेतलं की मूठ उघडली. मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा टायगर त्यांच्या मुठीसमोर बसून वाट बघत होता, आणि अक्का आबांकडे बघून हसत होत्या.

खेळातलं चावणं आणि खरं चावणं यांत फरक कसा ओळखायचा, हेही विचारतात. खेळणाऱ्या पिल्लाचं अंग सैल असतं, पुढचे पाय जमिनीला टेकवून मागचा भाग वर करतं, उड्या मारतं, मधेच सोडून देतं. अंग ताठ झालं, नजर रोखली, ताटाजवळ किंवा झोपेतून उठवल्यावर गुरगुरून चावलं, कुठे हात लावताच कळवळलं, तर तो खेळ नाही. तेव्हा आधी पशुवैद्य. दुखणं निघालं तर कितीही शिकवून उपयोग नाही.

टायगरच्या बाबतीत तसलं काही नव्हतं. पाहुणे गेले, झोप मिळायला लागली, तसं संध्याकाळचं चेकाळणं पहिल्या आठवड्यातच निम्म्यावर आलं. चाव्याचा जोर उतरायला त्याहून बराच वेळ लागला. मधेच एकदा वडिलांनी पुन्हा कुस्ती सुरू केली आणि सगळं चार पावलं मागे गेलं, तेव्हा मुलानेच त्यांना दटावलं. तीन महिन्यांचा झाल्यावर टायगरला रेबीजची लस टोचली. आबांच्या धोतराचा सोगा तो अजूनही धरतो. आबा त्याला टॉवेल देत नाहीत, त्यांना ते आवडतं असा माझा संशय आहे.

मध्यंतरी वडिलांचा फोन आला. मळ्यातली कुत्री पुन्हा व्याली होती आणि त्यांच्या साडूला एक पिल्लू हवं होतं, लगेच. "मी सांगून टाकलं, दोन महिने झाल्याशिवाय हात लावायचा नाही," ते म्हणाले. मी म्हटलं उत्तम, आणि पिल्लं दूध सोडतील तेव्हा त्या कुत्रीला रेबीजची लस देऊन तिची नसबंदीही करून घ्या. ते जरा गप्प झाले, मग म्हणाले, मळेवाल्याला विचारून सांगतो.